सागाच्या कमरेला करदोडा

भोकरवाडीत एखादी गोष्ट लपवायची असेल तर ती चावडीवर मोठ्यानं सांगून टाकावी, कुणी विश्वास ठेवत नाही. गुपचूप काही करायला गेलात की मेलात. पुष्पाबाई गुपचूप रावेरच्या बाजारात गेली, हाशम पटव्याच्या पालासमोर बसली आणि लहान लेकरांच्या कमरेला बांधतात तसे काळे करदोडे तिनं ओंजळ भरून मागितले. हाशमनं आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग नकळत पोटाकडे पाहिलं, मग स्वतःच लाजून दोऱ्याच्या लडीत मान घातली. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला एवढे करदोडे कशाला? त्यानं शेजारच्या चहावाल्याला विचारलं, चहावाल्यानं भोकरवाडीच्या रिक्षावाल्याला विचारलं, आणि पुष्पाबाई गावात पोचायच्या आत तिच्या लेकीला, ज्योतीला, जुळं होणार हे गावानं नक्की करून टाकलं. ज्योतीच्या सासूचा फोन आला म्हणतात, की एवढी मोठी बातमी आम्हाला रिक्षावाल्याकडून कळावी का.

करदोडे निघाले सागाच्या झाडांसाठी. हे कळलं त्या दिवशी चावडीवरची म्हातारी मंडळी इतकी हसली, की दोघांच्या कवळ्या बाहेर आल्या.

आता हसण्याआधी बाई कोण ते बघून घ्यावं. पुष्पाबाईचं माहेर शिंदखेड्याकडचं. लग्न होऊन सातपुड्याच्या पायथ्याला, या केळीच्या मुलखात आली तेव्हा तोंडात अहिराणी अशी, की सासू म्हणायची, ‘हिला एक दुभाषा लावून द्या.’ तीस-पस्तीस वर्षं झाली, केस पांढरे झाले, सासू गेली, पण ‘आहे’ला ‘शे’ म्हणणं काही सुटलं नाही. परक्याशी बोलताना ती नीट बोलते. मनातलं काही निघालं की ते शिंदखेड्याहूनच निघतं. नवरा लीलाधर केळीचा ट्रॅक्टर चालवतो. तो घरात इतका कमी बोलतो, की ट्रॅक्टरचा आवाज आला म्हणजे मालक आले आणि ट्रॅक्टर बंद झाला म्हणजे घरात कुणी नाही, असा शेजाऱ्यांचा समज.

बाई बायकांच्या टोळीची मुकादमीण. पंचक्रोशीत तिच्या टोळीचं नाव ते पील कापण्यासाठी. केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात. ती वेळेवर कापली नाहीत तर आईच्या तोंडचं खातात आणि घड बारीक निघतो. म्हणून विळा घेऊन सरीसरीनं जायचं आणि आईशेजारी दिसेल ते उडवायचं. पुष्पाबाई बागेतून चालत गेली की मागं पील म्हणून राहत नसे. तिच्या हाताला विचार करावा लागत नसे. उभं आहे ते एक झाड ठेवायचं, बाकी सगळं कापायचं. अशी तिची उभी हयात गेली, आणि याच हातानं तिनं डोंगर बिघडवला.

ती हकिगत अशी. गावामागं हत्तीटेकडी आहे. लांबून हत्ती बसल्यासारखी दिसते, जवळून कशासारखीच दिसत नाही. मधून नाला गेल्यामुळे टेकडीच्या दोन बाजू झाल्या आहेत. काही वर्षांमागं गावच्या वनसमितीनं टेकडीवर साग लावला. रोपं एका रोपवाटिकेतली, लागवड एका पावसातली, दोन्ही बाजूंना सारखी. समितीचे अध्यक्ष सुकदेवनाना. नाना म्हणजे गावातले सगळ्यात मोठे केळीवाले. त्यांना कुठलीही गोष्ट रांगेत नसली की झोप येत नाही. जेवायला बसले तरी वांग्याच्या फोडी ताटात ओळीनं लावतात, असं त्यांची सूनच सांगते. साग जरा वर आल्यावर नानांनी पुष्पाबाईच्या टोळीला साफसफाईला धाडलं.

टोळी गेली आणि केळीत करतात तेच डोंगरावर केलं. सागाशेजारी अंजनाचा फुटवा दिसला, उडव. धावडा दिसला, उडव. टेंभुर्णी, बेहडा, तिवस, मोहाची पोरं, जे जे म्हणून साग नव्हतं ते ते विळ्याखाली गेलं. संध्याकाळी ती बाजू अशी दिसली, जणू उतारावर केळीची बाग उभी केली. नाना इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्या खिशातून टोळीला शेव-मुरमुरे दिले. नानांच्या खिशातून काही निघाल्याची ती गावातली शेवटची नोंद.

दुसऱ्या दिवशी टोळी नाल्यापलीकडे गेली. तिथं जुन्या मोहाला आग्या मोहोळ लागलेलं. पुष्पाबाईचा विळा खालच्या फांदीला लागला आणि पुढचं जे झालं ते भोकरवाडी अजून चवीनं सांगते. बायका उतारावरून अशा सुटल्या की एकीची चप्पल आजतागायत सापडलेली नाही. मुकादमीण सगळ्यांना पुढं घालून मागून पळाली, म्हणून तिला सगळ्यात जास्त चावल्या. आठवडाभर तिचं तोंड भोपळ्याएवढं होतं आणि लीलाधरनं तेव्हा आयुष्यातला एक विनोद केला म्हणतात, पण तो काय हे दोघंही सांगत नाहीत. नाल्यापलीकडची बाजू तशीच राहिली. माश्यांच्या भीतीनं पुढं कुणी तिथं विळा घेऊन गेलं नाही, आणि तिचं नावच आग्याबाजू पडलं. अलीकडची ती साफबाजू.

वर्षं गेली. साफबाजूचा साग रांगेत उभा होता, आग्याबाजूचा साग गर्दीत उभा होता. आणि उन्हाळे बदलत गेले. रावेरकडचं ऊन काही नवं नाही, पण पूर्वी ते पाहुण्यासारखं यायचं आणि जायचं. आता होळीच्या आधीच येऊन बसतं, आणि पाऊस आला तर एका दिवसात डोंगर धुऊन नेतो, मग महिनाभर तोंड दाखवत नाही. सरपणाला, टेंभुर्णीच्या पानांना पुष्पाबाईचं टेकडीवर जाणं होतंच. तिला दिसायला लागलं, की साफबाजूच्या सागाचे शेंडे वाळतात. जमीन खापरासारखी झाली आहे, पाणी पडलं की थेट नाल्यात. नाला ओलांडला की पायाखाली पाचोळा मऊ लागतो, आणि अंजन-धावड्याच्या गर्दीत उभा असलेला साग कडक उन्हातही बरा दिसतो. आधी तिनं मनावर घेतलं नाही. मग एका वैशाखात ती दोन्ही बाजूंच्या मध्ये नाल्यातल्या दगडावर बराच वेळ बसून राहिली. घरी आली तेव्हा सरपणाची मोळी विसरून आली होती.

अशात एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नानांनी विषय काढला. आखाजीला आपल्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि पुरुष दिवसभर पत्ते कुटतात. एरवी पत्त्याला हात न लावणारेही त्या दिवशी पारावर बसतात. नाना जिंकत होते, त्यामुळे उदार झाले होते. ते म्हणाले, की आग्याबाजूच्या माश्या गेल्या, आता ती बाजूही साफ करून घेऊ, रिकाम्या जागी आणखी साग लावू, म्हणजे टेकडी सगळी एकसारखी होईल. पुष्पाबाई पाण्याची घागर घेऊन चालली होती. त्यांनी तिला हाक मारून सांगितलं, की पाऊस लागायच्या आत टोळी घेऊन जा.

बाई थांबली. घागर तशीच डोक्यावर.

“मी नाही जाणार, नाना.”

पारावरचे पत्ते थांबले. पुष्पाबाईनं कामाला नाही म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. नानांनी हसून विचारलं, की काहून, अजून माश्यांचं भ्या वाटतं का? नानांचा उजवा हात म्हणून जो जीवराम बसला होता, त्यानं पुढं जोडलं, की माश्यांनी हिच्या डोक्यात पोळं केलं असेल. पारावर हशा झाला. जीवरामचं काम तेच. नानांना शिंक आली तरी हा आधी खोकतो.

“तव्हय मना हात चुकना, नाना,” पुष्पाबाई म्हणाली. “केळीना हात मी डोंगरले लावा. एकदाव चुकनू, आखो नही.”

म्हणजे केळीची रीत डोंगराला लावली ही आपली चूक झाली, आणि ती दुसऱ्यांदा करणार नाही. एवढं बोलून निघून गेली असती तर प्रकरण मिटलं असतं. पण ती पुढं बोलली, की तुमच्या साफबाजूपेक्षा माझ्या आग्याबाजूचा साग जास्त जगेल आणि जास्त भरेल. नाना म्हणाले, साग हा साग असतो, त्याच्या ताटात दुसरे हात घालणारे नसले तर तो जास्त भरतो, एवढं तर केळीतलं पोरही सांगेल. शब्दानं शब्द वाढला आणि आखाजीच्या दिवशी वाढलेला शब्द पैजेवर जातो. ठरलं ते असं, की दोन आखाज्यांपर्यंत थांबायचं. नानांचा साग सरस ठरला तर पुष्पाबाईनं स्वतःच्या विळ्यानं, निमूटपणे, आग्याबाजू सगळी कापून द्यायची. तिचा सरस ठरला तर त्या बाजूला कधीच विळा लागायचा नाही, आणि साफबाजूच्या सागात समितीनं अंजन, धावडा, बेहडा पुन्हा लावायचा. पितरांसाठी भरून ठेवलेल्या घागरीवर हात ठेवून दोघांनी शब्द दिला. त्या घागरीवर दिलेला शब्द मोडणाऱ्याच्या हातचं पाणी पितरसुद्धा पीत नाहीत, मग गाव कशाला पिईल.

माप कशानं घ्यायचं हे मात्र ठरलंच नव्हतं. वनरक्षक तबस्सुम तडवी हिनं टेप देऊ केला. ही पोरगी पायथ्याच्याच एका गावातली, शिकून वनखात्यात लागलेली, मोटरसायकलवर डोंगर फिरणारी. पण टेप वाचणार कोण यावर दोन दिवस वाद झाला, कारण टेप ज्याच्या हातात आकडा त्याचा, असं भोकरवाडीचं ग्रामपंचायतीच्या रस्त्यापासूनचं मत. तेव्हा पुष्पाबाई उठून रावेरला गेली आणि हाशमकडून ते करदोडे घेऊन आली. लेकराला करदोडा बांधतो, तो एक दिवस तटकन तुटतो, आपण म्हणतो पोर वाढलं. झाडाचं तेच. घट्ट बांधायचा. तुटला तर वाढलं. ते बघायला चष्माही लागत नाही.

नाना हसले, पण त्यांना खोड काढता येईना. मग सगळ्यांच्या देखत दोन्ही बाजूंची सारख्या अंगाची झाडं निवडली आणि एकाच लडीतले बारीक, एकपदरी दोरे छातीच्या उंचीवर बांधले. तबस्सुमनं बाईला बाजूला घेऊन जे खरं ते सांगितलं, की काकू, पावसाचं साल चांगलं लागलं तर नानांचा साग पुढं जाऊ शकतो. गर्दीत सगळ्यांना वाटून खावं लागतं. गर्दीचा फायदा दिसला तर पावसाच्या ओढीच्या सालात दिसतो, आणि तोही प्रत्येक डोंगरावर दिसतोच असं नाही. शास्त्रज्ञांनासुद्धा कुठं असं तर कुठं तसं दिसलं आहे. बाईनं ऐकून घेतलं आणि पुढच्या झाडाला गाठ मारली.

झालं तसंच. ते साल पावसानं नुसतं ओतलं. पुढच्या आखाजीला गाव टेकडीवर गेलं तर साफबाजूला एक दोरा धड नाही, सगळे तुटून खाली पडलेले. आग्याबाजूला निम्मे तुटलेले, निम्मे जागच्या जागी. नानांनी गावाला उसाचा रस पाजला, म्हणजे जीवरामला पाजायला लावला. पुष्पाबाईला रस्त्यानं जाणं मुश्किल झालं. कुणी म्हणे मुकादमीण, विळ्याला धार लावून ठेवा. कुणी म्हणे सागाला कंबरच नाही तर करदोडा टिकेल कसा. नानांनी त्या वर्षी आपल्या बागेचं पील कापायला बऱ्हाणपूरकडची टोळी आणली. टोळीतल्या बायका कुरकुरल्या, की तुझ्या झाडांपायी आमचं घराजवळचं काम गेलं. बाईनं कुणाला उलट उत्तर दिलं नाही. पहाटे उठून टोळीला टेम्पोत घालून पार मुक्ताईनगरच्या बाजूच्या बागा धरल्या, कोणाचा दिवस बुडू दिला नाही. आणि आखाजी संपल्यावर नव्या लडीतले दोरे घेऊन एकटी टेकडीवर निघाली. लीलाधर ट्रॅक्टर बंद करून तिच्यामागून चालत गेला आणि दिवसभर दोऱ्याचं दुसरं टोक धरून उभा राहिला. पण साफबाजूच्या गाठी जीवरामनं मारल्या, हे बाईनं आग्रहानं करवून घेतलं, म्हणजे उद्या कुणी गाठीला नावं ठेवायला नको.

ते दुसरं साल वेगळं निघालं. पोळ्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. त्यातच नानांच्या बागेत केळीवर मोझॅक आला. पानांवर पिवळे पट्टे पडतात, मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, म्हणजे पोगा, सडतो, आणि एका झाडाला झाला की उपटून गाडल्याशिवाय दुसरा उपाय नाही. आज सरीतली दोन झाडं, परवा दहा, मग पाहता पाहता अर्धी बाग. बऱ्हाणपूरची टोळी सणाला घरी गेलेली. नाना दोन दिवस वाट बघून शेवटी पुष्पाबाईच्या दारात आले. दाराबाहेर चपला काढत उभे राहिले, आत यायचं की नाही ठरेना. गाव भिंतीआडून बघत होतं, की आता बाई नानांना कशी सोलते.

बाईनं डोक्याला रुमाल बांधला आणि टोळीला हाक मारली. त्या दिवशी तिनं नानांना एकही टोमणा मारला नाही. गावाची इतकी निराशा क्वचितच झाली असेल.

संध्याकाळी बांधावर नाना बसले होते. समोर उपटलेल्या झाडांचा ढीग. त्यांनी कुणालाच न विचारल्यासारखं विचारलं, की एकाला झालं की सगळ्यांना काहून होतं गं? बाई हात धूत होती.

“बठ्ठी एकाच मायनी पिल्लं, नाना. एकले जे धरस ते बठ्ठासले धरस.”

म्हणजे सगळी एकाच आईची पिलं, एकाला धरतं ते सगळ्यांना. नाना उठून घरी गेले. पण त्या रात्री ताटातल्या वांग्याच्या फोडी ओळीनं लावल्या नव्हत्या, असं सुनेचं म्हणणं.

हिवाळा आला न आला. होळीच्या आधीच सातपुड्याकडून भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा सुटला. टेकडीवर जायची कुणाची छाती होईना. पुष्पाबाई जात होती. दोऱ्याला हात लावत नसे; उगाच कुणी काही म्हणायला नको म्हणून लांबूनच बघायची आणि परत यायची. काय दिसलं ते ज्योतीलाही फोनवर सांगत नसे. एवढंच म्हणायची, की आखाजीले ये, झोका बांधूत.

आखाजी उजाडली. घराघरात खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झाला आणि तुडुंब पोटानं अख्खं गाव टेकडी चढलं. लेकी आल्या होत्या, जावई आले होते. हाशम पटव्याला पुष्पाबाईनं जेवायला बोलावलं होतं, तोही टोपी सावरत धापा टाकत आला. तबस्सुम आधीच वर होती.

साफबाजूला दोरे होते तसे होते. मोजके दोन-चार तुटलेले, बाकी सगळे झाडावर. आजारी पोराच्या कमरेवर करदोडा सैल होतो तसे कित्येक सैल झाले होते, आत बोट जात होतं. तबस्सुमनं सांगितलं, की सालपटं निघून गेली आणि कोरड्या उन्हात खोडही केसभर आकसतं. वर बघितलं तर शेंडे वाळलेले. काही झाडं तर मेलेलीच होती, त्यांचा करदोडा शाबूत राहून काय उपयोग.

गाव नाला ओलांडून पलीकडे गेलं. तिथंही काही दोरे शाबूत होते, खोटं कशाला बोला. एक साग तिथंही वाळला होता. पण बहुतेक झाडांचे करदोडे तुटून लोंबत होते आणि काहींचे तुटले नव्हते तर सालीत रुतले होते, वरून सालीची वळी आली होती. पानं अजून होती. सावलीत गेल्याबरोबर बायकांनी पदरानं घाम पुसला.

जीवरामला राहवलं नाही. तो म्हणाला, दोरे तुटले की तोडले हे कुणी पाहिलं? विळा तर मुकादमिणीच्या कमरेलाच असतो. आणि ही वर्षभर इथं चकरा मारत होती, सगळ्या गावाला माहीत आहे.

हा आरोप साधा नव्हता. घागरीवर दिलेल्या शब्दाचा होता. ज्योती पुढं झाली तसं पुष्पाबाईनं तिला हातानं मागं सारलं. तिनं नानांचा हात धरला आणि सालीत दोरा रुतलेल्या झाडावर नेऊन ठेवला. नानांनी अंगठ्यानं चाचपलं. दोरा आत होता, वर साल चढलेली. तिथं विळा पोचतच नव्हता. नानांचा अंगठा बराच वेळ त्या वळीवरून फिरत राहिला. केळीवाला माणूस, बुंधा हाताळायची सवय.

मग नानांनी शेवटचा फासा टाकला. म्हणाले, दोराच कच्चा असेल. उन्हानं विरला असेल.

इतका वेळ सावलीत बसून आमरस पचवणारा हाशम उठला. त्याला दुसरं काहीही म्हणा, त्याच्या दोऱ्याला नावं ठेवू नका.

“नाना, ऊन तर तुमच्या बाजूला जास्त. विरायचा तर तिकडं आधी विरला असता,” तो म्हणाला. “आणि तुमच्या स्वतःच्या कमरेला कुणाचा दोरा आहे? दरसाल माझ्याकडूनच नेता. ओढून बघू का चारचौघांत?”

हत्तीटेकडीवर एवढा हशा झाला की खालच्या पाड्यावरची कुत्री भुंकायला लागली. नानांनी नकळत धोतराच्या निऱ्यांवर हात ठेवला, त्यानं हशा आणखी वाढला. लीलाधरसुद्धा हसला, आवाज न करता.

हसू ओसरल्यावर नाना म्हणाले, की बरं, हे साल तुझं. पण मागचं माझं होतं. बरोबरी झाली. पैज फिटली, कुणी कुणाचं देणं लागत नाही.

खरं तर त्यांचं बरोबर होतं. जीवराम मान डोलवायला लागला. पुष्पाबाईला तिथंच सोडून देता आलं असतं; आग्याबाजू निदान त्या वर्षापुरती वाचली होती. पण बाई हलली नाही.

“चांगला सालले कोनबी वाढस, नाना,” ती म्हणाली. “मागला साली तुम्हना जास्त वाढना, मनाबी वाढना. पन वाईट साल कोन काढस, ते देखा. आते येतीन ती सालं कशी येतीन, तुम्हीच सांगा.”

नानांनी साफबाजूच्या वाळल्या शेंड्यांकडे पाहिलं. गाव त्यांच्या तोंडाकडे पाहत होतं. त्यांना उपटलेल्या केळीचा ढीग दिसला असेल की आणखी काही, कोण सांगणार. माणूस हट्टी, पण बागायतदार. मेलेलं झाड त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

“अंजनाचं बी कुठं मिळतं?” नानांनी विचारलं.

त्यांनी विचारलं तबस्सुमला, पण उत्तर अख्ख्या गावानं दिलं. जो तो आपल्याला ठाऊक असलेलं झाड सांगायला लागला. कुणी म्हणे धावड्याचे फुटवे अजून जमिनीत जिवंत असतील, नुसता विळा आवरला तरी वर येतील. तबस्सुम म्हणाली तेच आधी करू, बी नंतर. नानांनी लगेच विचारलं, की मग ते रांगेत लावायचं ना? त्यावर काय उत्तर मिळालं असेल ते ओळखा.

पारावर परत आल्यावर नानांनी जीवरामकरवी दोनच वाक्यं समितीच्या नावानं जाहीर केली. आग्याबाजूला विळा नाही. साफबाजूला फुटवा राखायचा. जाहीर करताना जीवरामचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होता, पण आवाज मोठा होता; नानांचं ते आपलं, हा त्याचा धर्म. ज्योतीनं आणि माहेरवाशिणींनी आग्याबाजूच्या जुन्या मोहाला झोका बांधला. ज्या फांदीवर एके काळी मोहोळ होतं तीच. साफबाजूच्या सागाला झोका बांधावा अशी आडवी फांदीच नव्हती, हे तेव्हा कुठं गावाच्या ध्यानात आलं.

पाऊस लागल्यावर टोळी पुन्हा साफबाजूला गेली, या वेळी राखण करायला. आता राखण म्हणजे बांबूच्या काटकीनं खूण करायची आणि गुरं हाकायची. सोपं काम, पण हाताला कोण समजावणार. पहिल्याच दिवशी टोळीतल्या एका नव्या सुनेला सागाशेजारी धावड्याचा कोवळा फुटवा दिसला आणि तिचा विळा सवयीनं वर गेला. पुष्पाबाईनं वरच्यावर तिचं मनगट धरलं.

“ते पील नही शे, बाई.”

पोरगी खजील झाली. बाईनं तिचं मनगट सोडलं नाही, विळा काढून घेतला आणि आपल्या कमरेला खोचला. मग एकेकीचा घेतला. शेवटी स्वतःचाही काढून सगळे एका फडक्यात गुंडाळले आणि पायथ्याशी नाल्याकाठच्या दगडाखाली ठेवून दिले. त्या दिवसापासून टोळी टेकडीवर विळ्याशिवाय जाते. चढताना दगडाखाली ठेवते, केळीत जाताना काढून घेते.

नानांच्या समितीची बैठक आता महिन्याला होते, आणि बैठकीत त्यांचा आणि पुष्पाबाईचा दर वेळी एक तरी वाद होतो. नानांचा आग्रह, की निदान नवीन अंजनाची रोपं तरी सरळ लावा. तिसऱ्या वर्षीचे दोरे हाशमकडून आले आहेत. या वेळी नाना म्हणाले, मी स्वतः बांधणार. बांधले. शिवाय पहाटे तब्येतीसाठी म्हणून टेकडीवर फिरायला जातात. डॉक्टरनं सांगितलं आहे म्हणे. आता डॉक्टरनं चालायला सांगितलं हे समजू शकतं, पण प्रत्येक सागापाशी थांबून करदोड्यात बोट घालून बघायला कोणत्या डॉक्टरनं सांगितलं, हे भोकरवाडी अजून शोधते आहे.